शिवसागरात लाँचने तीन दिवस: बामणोली, वासोटा, तापोळा

सांगलीकर कोयनेला क्युसेकनं ओळखतात. पावसाळ्यात धरणातून किती सोडलं आणि आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आलं, हे दोन आकडे घराघरांत तोंडपाठ असतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर तर जास्तच. हेच पाणी पावसाळा सरल्यावर वरच्या अंगाला, जावळीच्या खोऱ्यात शांत पसरलेलं असतं. तिथं लाँचमधून या गावाहून त्या गावाला जाता येतं, पाण्याकाठी राहता येतं, चुलीवरची भाकरी खाता येते. पण सांगली-कऱ्हाडची बरीच मंडळी तिकडं फिरकलेली नसतात, आणि साताऱ्याची मंडळी कासपर्यंत जाऊन माघारी येतात. कासच्या पुढं घाट उतरला की शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय.

हेळवाकजवळ कोयनेवर १०३ मीटर उंचीची भिंत उभी राहिली आणि तिच्यामागं पाणी उत्तरेकडं सुमारे ५० किलोमीटर फुगलं. कोयना, सोळशी आणि कांदाटी अशा तिन्ही नद्यांच्या खोऱ्यांत ते शिरलं. त्यामुळं डोंगराच्या सोंडा तीन-तीन बाजूंनी पाण्यात आहेत, आणि समोर दिसणाऱ्या गावाला रस्त्यानं जायचं तर अख्खा डोंगर वळसा घालून जावं लागतं. लाँचनं तेच अंतर अर्ध्या-पाऊण तासाचं. इथल्या माणसांसाठी लाँच म्हणजे एसटी: शाळामास्तर, दवाखान्याचे पेशंट, लग्नाचं वऱ्हाड, रेशनची पोती, सगळं पाण्यावरून. म्हणून नवख्या माणसानं एक गोष्ट आधीच मनात पक्की करावी. इथं दिवस गाडीच्या हिशोबानं बसवायचा नाही, लाँचच्या हिशोबानं बसवायचा. ज्यांची सहल फसते, त्यांची बहुतेक वेळा इथंच फसते.

कधी जायचं

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. पावसाळ्यात वासोट्याचं जंगल पर्यटकांना बंद असतं, आणि पाऊस-वाऱ्यात पाण्यावर जाण्यात शहाणपणही नाही.

धरणाची साठवण १०५.२५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). त्यातलं वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी वीजनिर्मितीसाठी बोगद्यातून पश्चिमेला, पोफळीकडं उतरतं आणि पुढं वाशिष्ठीला मिळतं. बाकीचं गरजेप्रमाणं पूर्वेला, कृष्णेत. म्हणजे जलाशय दिवाळीला काठोकाठ आणि मे महिन्यात पार खाली गेलेला. पाणी उतरत जातं तसे काठावर तांबड्या मातीचे पट्टे उघडे पडतात, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. ते पट्टे म्हणजे बुडालेल्या शेतांचे बांध. एप्रिल-मेमध्ये गेलात तर लाँच नेहमीच्या धक्क्याला लागत नाही. खाली चिखलातून, दगडांतून चालत पाण्यापर्यंत जावं लागतं. घरात गुडघे दुखणारं माणूस असेल तर उन्हाळा टाळाच.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाण्यावर दाट धुकं असतं. समोरचा काठ दिसत नाही तोवर चालक लाँच सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. त्यासाठी अर्धा-एक तास हाताशी ठेवा. उन्हाच्या दिवसांत दुपारनंतर वारा सुटतो, पाणी हिंदकळायला लागतं, शिंतोडे अंगावर येतात. लांबचा पल्ला सकाळी आणि जवळचा दुपारी, हा इथला साधा नियम.

ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत कासच्या फुलांचा हंगाम असतो आणि शनिवार-रविवारी यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग लागते. कास आणि लाँच दोन्ही एका दिवसात बसवू नका. फुलं बघायची तर ती वेगळी सहल करा.

कसं पोचायचं, आणि कुठं चुकतं

नकाशावर नुसतं 'कोयना' टाकलं तर तो तुम्हाला कऱ्हाड-पाटणमार्गे कोयनानगरला नेतो. ते जलाशयाचं दक्षिण टोक, धरणाच्या भिंतीजवळचं. तिथून वासोट्याची लाँच मिळत नाही. दुसरी गंमत सांगली-मिरजेच्या लोकांसाठी: कुपवाडजवळ एक बामणोली आहे, आणि जावळी तालुक्यात कुडाळच्या बाजूला आणखी एक. तुम्हाला हवी ती कसबे बामणोली, कासच्या पलीकडची. नकाशावर गावाला लागून निळं पाणी दिसलं तरच निघा.

साताऱ्याहून यवतेश्वर, कास आणि मग घाट उतरून बामणोली हे अंतर चाळीस किलोमीटरच्या आतलं आहे, पण दीड तास धरा. रस्ता अरुंद, वळणाचा, आणि कासच्या पुढं धुकं केव्हाही उतरतं. सांगलीहून निघालात तर साताऱ्यापर्यंतचे अडीच-तीन तास त्यात मिळवा. सकाळी सहाला निघालेलं कुटुंब अकराच्या सुमारास बामणोलीत पोचतं. त्या दिवशी वासोटा होत नाही. करायचा प्रयत्नही करू नका.

एसटी साताऱ्याच्या स्टँडवरून सुटते, पण फेऱ्या मोजक्या. परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे कंडक्टरला उतरतानाच विचारून घ्या. डिझेल-पेट्रोल साताऱ्यातच भरा, रोख पैसेही तिथंच काढा. खोऱ्यात मोबाइलची रेंज येते-जाते, त्यामुळं स्कॅन करून पैसे देण्याच्या भरवशावर राहिलेल्या माणसाची धक्क्यावर पंचाईत होते. लाँच, मुक्काम, जेवण असं सगळं धरून निम्मी रक्कम तरी रोख असावी, त्यात शंभर-पन्नासच्या नोटा भरपूर.

महाबळेश्वरहून आलात तर तापोळा जवळ, सुमारे अठ्ठावीस किलोमीटर, सगळा उतार. तापोळ्याहूनही वासोट्याला लाँच जाते, फक्त पाण्यावरचा वेळ जास्त लागतो. वासोटा करायचा असेल तर मुक्काम बामणोली-शेंबडीच्या बाजूला. नुसतं पाण्यावर फिरायचं, बसायचं, खायचं असेल तर तापोळा. मुनावळ्याला २०२४ मध्ये राज्य सरकारनं जलपर्यटन केंद्र सुरू केलं. जेट स्की, स्पीडबोट असले खेळ हवे असतील तर ते ठिकाण. ज्यांना शांतता हवी त्यांनी तिकडचा धक्का धरू नये.

लाँच ठरवताना

इथं नवख्यांचा सगळ्यात जास्त घोटाळा होतो, म्हणून सविस्तर.

पर्यटकांच्या लाँच बोट क्लबमार्फत चालतात. क्लब म्हणजे गावातल्याच लाँचमालकांची संघटना. धक्क्याजवळ त्यांची खिडकी असते आणि ठिकाणाप्रमाणं दर लावलेले असतात. लाँच पाळीनं मिळते. तुम्ही पसंतीची निवडायची नसते. दर पूर्ण लाँचचा असतो, माणशी नसतो. साधारण दहा-बारा माणसं बसतात. तुम्ही चौघे असलात तरी बारा जणांचेच पैसे द्यायचे. म्हणून चौघांच्या गटानं खिडकीपाशी थोडा वेळ थांबून दुसरा छोटा गट बघावा आणि दोघांत मिळून एक लाँच करावी. फक्त एक पाहून घ्या: दोन्ही गटांची चढायची चाल सारखी हवी. एका गटात तरुण पोरं आणि दुसऱ्यात आजी-आजोबा असले की वासोट्याच्या पायथ्याशी कुणीतरी दोन तास ताटकळतं आणि परतीच्या वाटेवर तोंडं फिरलेली असतात.

पैसे देण्याआधी चार गोष्टी विचारा आणि पावतीवर लिहून घ्या. कुठली कुठली ठिकाणं दाखवणार. थांबायचा वेळ किती तास धरला आहे. त्यावर जादा तासाला किती. आणि परत कुठल्या धक्क्याला सोडणार. शेवटचा प्रश्न फालतू वाटतो, पण पाणी उतरलेलं असताना चढायचा धक्का आणि उतरायचा धक्का वेगळा असू शकतो, आणि गाडी मागच्याच धक्क्यावर राहते.

चालकाचा मोबाइल नंबर घ्या, पण त्यावर विसंबू नका; जंगलात रेंज नाही. लाँचचं नाव किंवा नंबर सगळ्यांनी बघून ठेवावा. सुट्टीच्या दिवशी वासोट्याच्या पायथ्याला एकसारख्या दिसणाऱ्या पुष्कळ लाँच लागलेल्या असतात आणि दमलेली माणसं भलत्याच लाँचमध्ये जाऊन बसतात.

गावकऱ्यांच्या रोजच्या फेऱ्यांची लाँचही असते, जिल्हा परिषदेची. ती स्वस्त आहे आणि तिच्यातून जाण्यात खरी मजा आहे, पण ती ठरल्या वेळी ठरल्या गावाला जाते आणि तुमच्यासाठी थांबत नाही. जायची फेरी आणि यायची फेरी दोन्हींची वेळ विचारूनच बसा. गर्दी असेल तर आधी गावच्या लोकांना चढू द्या; त्यांचं ते रोजचं जाणं-येणं आहे.

चढणं, बसणं

लाँच काठाला नाकानं लागते. चढायला एक फळी टाकलेली असते किंवा टायरवर पाय देऊन वर जायचं असतं. फळी ओली असते आणि तिच्यावर आधी चढून गेलेल्यांच्या बुटांचा चिखल असतो. पाय आडवा टाकावा, टाच फळीच्या पट्टीवर. दोन्ही हात मोकळे हवेत, सॅक पाठीवर, मोबाइल खिशात. खलाशी हात पुढं करतो तेव्हा बोटं धरू नका, मनगट धरा. फळीवर एका वेळी एकच माणूस. पाण्यात पडण्याचे प्रसंग भर जलाशयात फारसे येत नाहीत, येतात ते या दोन मीटरांत.

लाइफ जॅकेट लाँचवर असतात. मागितल्याशिवाय दिले नाहीत तर मागा, आणि घातलं की सगळे पट्टे लावा. नुसतं अंगावर अडकवलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर वर सरकतं आणि तोंडावर येतं. तपासायची सोपी रीत: दुसऱ्यानं खांद्याच्या दोन्ही पट्ट्या धरून वर ओढायच्या, जॅकेट हनुवटीच्या वर गेलं तर ढिलं आहे. मुलांना मोठ्यांच्या मापाचं घालू नका. लहान मापाचं नसेल तर त्या लाँचनं जाऊ नका.

वजन दोन्ही बाजूंना सारखं. सगळे फोटोसाठी एका कडेला धावले की लाँच तेवढी कलते आणि चालक ओरडतो, त्याचा राग मानू नये. इंजिनजवळ बसलात तर आवाज आणि डिझेलचा वास. मळमळ होणाऱ्यांनी पुढं, वाऱ्याच्या तोंडाला बसावं आणि काठाच्या झाडांकडं बघावं, मोबाइलमध्ये नाही. काठाजवळ लाँच एकदम हळू होते तेव्हा पाण्याखालचे दगड, खुंट किंवा मासेमारीची जाळी पंख्यात अडकू नयेत म्हणून होते. घाई करायला लावू नका.

पोहायला उतरू नये. पाणी आरशासारखं दिसतं, पण खोली काही ठिकाणी ८० मीटरपर्यंत आहे आणि काठाला वर सांगितलेले बांध आहेत: गुडघाभर पाण्यात चार पावलं चालतं माणूस आणि पाचव्या पावलाला जमीनच नसते. शिवाय खाली गाळ आहे. पाय रुततो आणि पोहता येणारी माणसंही घाबरतात.

पहिला दिवस: संगम

अकरा-बाराला पोचलात, जेवलात, की दुपारी तीनच्या आसपास छोटी फेरी घ्या: त्रिवेणी संगम आणि दत्तमंदिर. कोयना, सोळशी, कांदाटी जिथं मिळतात तिथं पाणी एकदम रुंद होतं आणि चारही बाजूंनी डोंगर मागं सरकल्यासारखे वाटतात. संगमाचा खरा तळ आता कुणाला दिसत नाही. चालकाला विचारा, जुनी नदी कुठून वाहायची ते तो बोटानं दाखवतो, आणि कुणाचं गाव कुठं होतं तेही. खोऱ्यातल्या कित्येक घरांची जुनी जमीन या पाण्याखाली आहे. म्हणून उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या चौथऱ्यांवर, देवळांच्या दगडांवर चढून फोटो काढणं टाळावं.

फेरी दोन तासांत उरकते आणि अंधाराआधी परत येता येतं. हीच संध्याकाळ उद्याच्या तयारीला वापरा.

दुसरा दिवस: वासोटा

वासोटा म्हणजे व्याघ्रगड, उंची ११७१ मीटर. जलाशयाची पूर्ण पातळी ६५९ मीटरच्या आसपास, म्हणजे लाँचमधून उतरल्यावर साधारण ५०० मीटरचा चढ. पाणी उतरलेलं असेल तर तेवढा आणखी. अंगात ताप, नुकतं ऑपरेशन, दम्याचा त्रास असेल तर पायथ्यापर्यंतच्या लाँचचा आनंद घ्यावा आणि परत यावं.

हा भाग कोयना अभयारण्याचा, आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा. परवानगीशिवाय जाता येत नाही. बामणोलीत वनविभागाचं कार्यालय आहे. उघडण्याच्या वेळेलाच तिथं असा. एकानं गटातल्या सगळ्यांची नावं, वयं, पत्ते आधीच कागदावर लिहून आणावीत, आधार कार्डाच्या झेरॉक्ससह. रांगेत पुढच्या गटाला यादी करायलाच वीस मिनिटं लागतात. प्रवेश शुल्क, कॅमेऱ्याचं आणि वाटाड्याचं शुल्क तिथंच भरायचं. प्लास्टिकच्या बाटल्या, पाकिटं मोजून लिहून घेतात, अनामत ठेवतात आणि परत येताना तेवढीच दाखवली तर पैसे मिळतात. सगळ्यात सोपं म्हणजे प्लास्टिक न्यायचंच नाही. स्टीलची बाटली, डबा, फडक्यात बांधलेली भाकरी.

वेळेचा हिशोब असा बसवावा. सकाळी सातला तयार, आठच्या सुमारास लाँच, सव्वानऊपर्यंत वासोट्याच्या पायथ्याला, मेट इंदवलीच्या काठाला. अकरापर्यंत माथ्यावर. साडेबाराला उतरायला सुरुवात, सव्वादोनला लाँच, साडेतीन-चारला बामणोली. संध्याकाळच्या आत जंगलाबाहेर पडावंच लागतं. मुक्कामाला परवानगी नाही. माथ्यावर पोचायला एक वाजला तरी दोनच्या पुढं वर थांबू नका. वर जाणाऱ्याला उशीर चालतो असं वाटतं, पण उतरताना गुडघे थकलेले असतात आणि दाट झाडीत चारनंतर उजेड झपाट्यानं कमी होतो.

काठापासून आत गेलं की ओढ्याजवळ मारुती आणि गणपतीच्या मूर्ती लागतात. इथं बूट घट्ट बांधा, पाणी प्या. मग सुरू होतं ते सदाहरित जंगल: भर दुपारी सावली, पायाखाली ओला पालापाचोळा, त्याखाली सुटे दगड. पाचोळ्यावर पाऊल ठेवताना आधी भार टाकू नये, दगड हलतो का बघावं. वाटेत नागेश्वरकडं जाणारा फाटा फुटतो. तो वेगळा आणि लांबचा रस्ता आहे, चुकून तिकडं वळू नका. शेवटचा टप्पा झाडीबाहेर, उघड्या गवताचा आणि उन्हाचा. टोपी तिथं लागते.

जंगलात अस्वल, गवा, बिबट्या आहेत. हळू बोलत, एकत्र चाललं की ते आपणहून लांब राहतात. स्पीकरवर गाणी लावू नका, आणि एकट्यानं मागं रेंगाळू नका. ऑक्टोबरमध्ये गेलात तर जळवा भेटतात. फडक्यात मिठाची पुरचुंडी बांधून ठेवा. जळू चिकटली तर ती पुरचुंडी ओली करून लावायची, ओढून काढायची नाही. ओढली तर जखम जास्त वेळ वाहते.

माथ्यावर पडक्या दरवाजातून आत गेलं की बिनछपराचा मारुती, पुढं महादेवाचं देऊळ, पाण्याचं टाकं, चुन्याचा घाणा. बाबू कड्यापाशी मात्र वेळ काढा. नालाच्या आकाराचा कातळकडा, पलीकडं जुना वासोटा, आणि पश्चिमेला थेट कोकण खाली उतरलेलं. १८१८ मध्ये इंग्रजांनी या जुन्या वासोट्यावर तोफा चढवून गड घेतला; कड्यावर उभं राहून समोर बघितलं की तो मारा किती जवळून झाला असेल हे कळतं. कड्याच्या टोकाला गवत वाळून निसरडं झालेलं असतं. दोन मीटर मागं राहून बघा, दिसायचं तेवढंच दिसतं.

माणशी तीन लिटर पाणी न्या. खायला पुरणारं, न सांडणारं: दोन दशम्या किंवा चपात्या, कोरडी चटणी, मूठभर गूळ-शेंगदाणे, दोन केळी, आणि चार-सहा कंदी पेढे. सातारी कंदी पेढा खरपूस भाजलेल्या खव्याचा असतो, ओलसर मिठाईसारखा लगेच खराब होत नाही, आणि चढताना तोंडात टाकायला याच्याइतकं चांगलं दुसरं नाही. सालं, उष्टं सगळं परत आणायचं. पलीकडच्या काठाला दुकान नाही की चहाची टपरी नाही.

खाणं-पिणं

जेवण सकाळी सांगायचं, हा इथला नियम. लाँचमध्ये बसण्याआधी खानावळीत किंवा मुक्कामाच्या घरी किती माणसं, व्हेज किती, मासे किती, आणि साधारण किती वाजता येणार ते सांगून जा. न सांगता चार वाजता येऊन बसलात तर पोहे मिळतील. सांगितलं असेल तर पिठलं, भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, घेवड्याची नाहीतर कडधान्याची आमटी, भात, कांदा. नाचणीची भाकरी मिळते का विचारा, आणि गरम असतानाच खा. गार झाली की ती चिवट होते. तिखट इथं सातारी बेतानं असतं. मुलांसाठी कमी हवं तर आधीच सांगावं, झालेल्या रश्शात पाणी घालून चव जाते.

मासे घेणार असाल तर ते शिवसागरातले, गोड्या पाण्यातले. समुद्राच्या सुरमई-पापलेटची सवय असलेल्यांनी जपून खावं. कटला, रोहू यांच्या मांसात मणक्याला न जोडलेले, इंग्रजी वाय अक्षरासारखे दुफाटे काटे असतात आणि ते दिसत नाहीत. तळायचा असेल तर तुकड्याला दोन्ही बाजूंनी बारीक, जवळजवळ चिरा पाडून घ्यायला सांगा. काटे तुटतात आणि तेलात कुरकुरीत होतात. मुलांना पाठीकडचा तुकडा देऊ नका, पोटाकडचा द्या, तिथले काटे मोठे आणि सहज निघणारे असतात. खाताना बोटांनी, काटे चाचपत. एका वेळी मासा आणि भात एकत्र कालवून घास घेतला की काटा कळत नाही. मासा ताजा आहे का हे डोळ्यांवरून बघा: डोळा फुगीर आणि स्वच्छ, कल्ला लाल.

प्यायला ताक आणि कोकम सरबत. चढून आल्यावर गार बाटलीपेक्षा मीठ घातलेलं ताक जास्त बरं. मध बऱ्याच ठिकाणी विकायला असतो. थंडीत गोठून दाणेदार झालेला मध म्हणजे साखर मिसळलेला, असा समज आहे. तो खरा नाही, चांगला मधही गोठतो. बाटली कोमट पाण्यात ठेवली की पातळ होतो, उकळत्या पाण्यात मात्र ठेवू नका. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तापोळ्याहून परतताना वाकडी वाट करायची तयारी असेल तर मध तिथून घ्यावा.

दारूबद्दल स्पष्ट लिहायला हवं. अभयारण्यात ती चालत नाही, लाँचवर आणायची नाही. प्यालेल्या माणसाचा तोल त्या ओल्या फळीवर जातो आणि अंधारात काठाकडं गेलेला माणूस सापडणं अवघड असतं. मुक्काम गावात, लोकांच्या घराशेजारी असतो, हेही लक्षात ठेवावं.

मुक्काम

दोन प्रकार: गावातली घरं आणि खोल्या, आणि काठावरचे तंबू. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबानं एक रात्र तरी घरात काढावी. जेवणही तिथंच चांगलं मिळतं. तंबू घेणार असाल तर फोनवर इतकं विचारा: संडास तंबूपासून किती लांब, तिथं दिवा आहे का, गादी-पांघरूण किती, आणि जेवण दरात धरलं आहे का. फोटोत तंबू अगदी पाण्याला लागून दिसतात. तशी जागा थंडीत नको. रात्री पाण्यावरून गारवा येतो, पहाटे दंव पडतं आणि तंबूचं कापड आतून ओलं होतं. काठापासून थोडं वर, झाडाच्या आडोशाला पण थेट फांदीखाली नाही, अशी जागा मागा. तंबूच्या जाळीच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवल्या तर आतली वाफ बाहेर जाते. सगळं बंद करून झोपणाऱ्यांच्या अंगावर पहाटे थेंब पडतात.

डिसेंबरमध्ये स्वेटर, कानटोपी, पायमोजे न्याच. दिवसाच्या उन्हावरून रात्रीचा अंदाज येत नाही. शेकोटी ठरलेल्या जागीच, वाळलेल्या गवतापासून लांब. वीज गेली तर वेळ लागतो, म्हणून बॅटरी माणशी एक.

तिसरा दिवस: पलीकडं तापोळा

गाडी बामणोलीतच ठेवून लाँचनं तापोळ्याला जा, तिथं नाश्ता-जेवण करा आणि लाँचनंच परत या. हा नवख्यांसाठी सरळ बेत. पाय आदल्या दिवशीचे दुखत असतात, त्यामुळं हा दिवस बसायचा. तापोळ्याच्या वरच्या वळणावरून संगमाचं पाणी फाटे फुटल्यासारखं दिसतं. तेवढं चढून बघावं.

गाडीसकट पलीकडं जायचं तर तराफा. लोखंडी सपाट डेकचा, गाड्या वाहून नेणारा. तो काही ठरावीक धक्क्यांवरून चालतो आणि पाण्याच्या पातळीप्रमाणं वेळापत्रक व जागा बदलते. कुठून चालू आहे आणि शेवटची फेरी किती वाजता, हे आदल्या संध्याकाळी गावात विचारा. सकाळी धक्क्यावर जाऊन 'आज बंद आहे' ऐकण्यात अर्धा दिवस जातो. चढवताना ड्रायव्हर सोडून सगळ्यांनी खाली उतरायचं. पहिल्या गिअरमध्ये, ब्रेक न मारता, एका चालीनं वर घ्यायची. उताराच्या लोखंडी फळीवर मध्येच थांबलं की मागची चाकं चिखलात फिरतात. वर गेल्यावर इंजिन बंद, हँडब्रेक, गिअरमध्ये, चाकाखाली दगड किंवा ओंडका. काचा खाली ठेवा आणि पाण्यावर असताना गाडीत बसू नका. कमी उंचीच्या गाड्यांची खालची बाजू फळीच्या कोनावर घासते. तशी गाडी असेल तर खलाशाला आधी दाखवा, तो फळीखाली लाकडं सरकवून उतार कमी करून देतो.

तापोळ्याहून महाबळेश्वरमार्गे वाईला उतरणार असाल तर डिसेंबर ते मार्चमध्ये वाटेवर स्ट्रॉबेरी मिळते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. देठापर्यंत लाल झालेली घ्या, तोडल्यावर ती पुढं पिकत नाही. खोकं घेताना वरचा थर उचलून खालचा बघा. सांगलीपर्यंत न्यायची असेल तर एकच थर असलेलं खोकं, धुतल्याशिवाय, डिकीत न ठेवता पायाशी एसीच्या गार हवेत ठेवावं. आणि निघण्याआधी अनामतीची पावती खिशात तर राहिली नाही ना, ते बघून घ्या. वासोट्याहून आल्यावर दमलेल्या गटात ती बहुतेक वेळा तशीच राहते.